पेडल जड का लागतंय

खोकी आली त्या दिवशी शेजारच्या आण्टी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आण्टी म्हणजे आमच्या घरमालकीण, सत्तरी गाठलेल्या चिनी बाई. वेस्ट कोस्टच्या बाजूला त्यांची एकमेकांना लागून असलेली दोन जुनी बैठी टेरेस घरं होती. एकात त्या राहत, दुसरं आम्ही भाड्याने घेतलं होतं. सगळ्यात मोठ्या खोक्याच्या फळ्या उचकटल्यावर आतून हिरव्या फायबरचं एक लांबट, निमुळतं धूड बाहेर आलं.

"धिस वन बोट, इज इट?" त्यांनी विचारलं.

"कार, आण्टी."

"इंजिन व्हेअर?"

"इंजिन नॉट यट. आय विल मेक."

त्यांनी एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या डाव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरकडे पाहिलं, आणि "आय्यो" म्हणून आत निघून गेल्या. जाता जाता फरशीवर तेल सांडायचं नाही, एवढं मात्र बजावलं.

मला त्यांचा राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला आण्टीच हव्यात असं नाही. पण त्या आणखी थोडा वेळ थांबल्या असत्या आणि ही गाडी कशासाठी करतोस असं त्यांनी विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो कोण जाणे. घरी जुळवलेली गाडी सिंगापूरच्या रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य, हे ऑर्डर देण्याआधीच मला माहीत होतं. "पुढे नागपूरला नेऊ," असं मी सगळ्यांना सांगायचो. तिथे ती उतरवून कशी घेणार, पास कोण करणार, याची चौकशी मी केली नव्हती. काय कळेल त्याची भीती वाटायची म्हणून केली नव्हती. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने शाळेतल्या भाषेत विषय संपवला, "पप्पा, कॅनॉट ड्राइव्ह, देन मेक फॉर व्हॉट?" बायको एवढंच म्हणाली, "वॉशिंग मशीनपुरती जागा सोड."

ही गोष्ट दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी तुआसला, जहाजांसाठी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचो. बायको वन-नॉर्थला प्रयोगशाळेत. सकाळी ती मेट्रोने बुओना व्हिस्टाला उतरायची आणि मी बून लेहून कंपनीची बस पकडायचो. आमच्या ओळखीची मराठी मंडळी कॉन्डोत राहायची, म्हणजे तरणतलाव आणि लिफ्टवाल्या इमारतींत. आम्ही हे जुनं घर घेतलं ते जिने नकोत आणि लिफ्टच्या भरवशावर राहणंही नको म्हणून. घरापुढे छप्पर असलेला पोर्च होता आणि आमच्याकडे गाडी नव्हती. रिकामा पोर्च रोज डोळ्यांसमोर. एका मासिकात इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्याची जाहिरात दिसली. सांगाडा, फायबरचं अंग, चाकं, स्टीअरिंग, सगळं सुटं पाठवणार. इंजिन तुमचं, मेहनत तुमची. इंजिन सिंगापुरात मिळायला अडचण नव्हती. इथे गाडीचा परवाना दहा वर्षांचा, तो संपला की धडधाकट गाड्याही मोडीत जातात.

आता माझ्या पायांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

मी दीड-दोन वर्षांचा असताना पोलिओने डावा पाय गेला. नागपूरला आमच्या वस्तीत माझ्यासारखी आणखी दोन-तीन मुलं होती. ती बसून राहिली, मी उठलो. मला आईने उठवलं. रोज सकाळी ती मला भिंतीला धरून उभं करायची आणि पुन्हा पुन्हा बसायला-उठायला लावायची. मी रडलो तरी सोडायची नाही. मग कॅलिपर आला, शाळा आली, इंजिनिअरिंग आलं. या सगळ्याचा भार उजव्या पायाने उचलला. घरातला कमावता मुलगा असतो ना, तसा तो पाय होता. डाव्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, त्याच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. उजव्याचा मात्र मला गर्व होता. साइडव्हील लावलेली स्कूटर मी पंधरा वर्षं चालवली, तिचा ब्रेक उजव्या पायाला होता. नागपूरच्या रस्त्यावर म्हशी, हातगाड्या, कुत्री मध्ये यायची आणि मी नेमका थांबायचो. थांबता येतं, ही माझ्या मते माझी सगळ्यात मोठी कमाई होती.

म्हणून या गाडीला मला दोनच पेडलं हवी होती, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायासाठी. क्लच मी स्कूटरसारखा हातात घेतला, गिअरच्या दांड्यावरच लिव्हर बसवून. ही युक्ती माझ्या मित्राची. तोही आमच्याच कारखान्यात, डिझाइनला. पुण्याचा, सदाशिवपेठी छापाचा, प्रत्येक गोष्टीवर मत असलेला माणूस. दर रविवारी तो सकाळी नऊला हजर व्हायचा, बायकोने केलेले पोहे खायचा, त्यात शेंगदाणे घालण्यावरून आम्हा विदर्भवाल्यांना नावं ठेवायचा आणि मग हात काळे करायला बसायचा.

ते रविवार फार सुखाचे होते. मी कॅलिपर काढून बाजूला ठेवायचो आणि चाकं लावलेल्या फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकायचो. गाडीखाली पाय लागत नाहीत. मित्र दोन पायांचा असून तिथे माझ्यापुढे काहीच नव्हता, पोट सुटल्यामुळे अर्धाच आत शिरायचा. मी खालून पाना मागायचो, तो द्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हाताखाली वाकून उभं होतं. सांगाडा उभा राहिला, चाकं लागली, इंजिन बसलं. मुलगी मैत्रिणींना दाखवायला आणू लागली. आण्टी रोज संध्याकाळी येऊन फरशी बघून जायच्या.

मग ब्रेक आला.

ब्रेकची नळी जोडली, तेल भरलं, हवा काढली. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून पेडल दाबलं. दाबलं गेलं, पण जड लागलं. पुन्हा दाबलं, पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी पाय वाटेतच थांबला.

"जड आहे रे," मी म्हटलं.

मित्राने दारातून आत वाकून तळहाताने पेडल दाबून पाहिलं. "ठीक वाटतंय. तुझा पाय दमला असेल. सकाळपासून उठबस चाललीय."

"ऑपरेटर लिहायचं नाही," मी म्हटलं.

हे काय ते सांगतो. आमच्या कारखान्यात काही बिघडलं की कारण शोधायची एक पद्धत होती. सगळे फळ्याभोवती उभे राहायचे आणि "का?" असं विचारत खाली खाली जायचं. व्हॉल्व्ह गळला. का? सील कापलं गेलं. का? कड धारदार राहिली. का? असं करत मुळाशी जायचं. त्यात एक नियम पक्का होता, माणसाला कारण म्हणून लिहायचं नाही. कामगार चुकला, कामगार थकला, कामगाराचं लक्ष नव्हतं, असं लिहून आलं की मी कागद परत पाठवायचो. माणूस चुकणारच, चुकला तरी बिघडू नये असं यंत्र आणि असं काम बसवा. नवीन पोरांना हा नियम मीच शिकवायचो. फार चांगला नियम आहे. आजही मी तोच शिकवीन. मित्रालाही तो पाठ होता, म्हणून त्या दिवशी तो लगेच गप्प झाला आणि आम्ही दोघे पेडलच्या मागे लागलो.

पेडल जड का लागतंय? स्प्रिंग कडक असेल. स्प्रिंग बदलली. हलकं झालं. मी खूश. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जड. का? ब्रेकच्या तेलाचा सिलिंडर मोठा असेल, त्याला जोर जास्त लागतो. लहान मागवला, आला, बसवला. हलकं झालं. महिन्याभराने पुन्हा जड. का? इथली हवा दमट, ब्रेकचं तेल पाणी ओढतं. तेल बदललं. मग पेडलची दांडी आखूड वाटली, ती लांब करून घेतली. मग मित्र म्हणाला, बसायची जागाच चुकली असेल, पाय पूर्ण लांब करून दाबावं लागतंय, पेडल जवळ घेऊन बघ. घेतलं. खूपच हलकं झालं. मग पुन्हा थोडं जवळ. मग सीटखाली लाकडाची फळी टाकून सीट पुढे.

मधले काही महिने मित्र येत नव्हता. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तो पुण्याला गेला होता. पेडल थोडं थोडं जवळ घेण्याचं काम मी एकटाच करत होतो. दर वेळी हलकं व्हायचं आणि दर वेळी मी बायकोला आत जाऊन सांगायचो, "सापडलं." ती म्हणायची, "बरं झालं."

मला काही कळेनासं झालं होतं. कारखान्यात मी दिवसाला तीन-तीन बिघाड मुळापर्यंत नेत होतो आणि घरी एक साधं पेडल हाताला लागत नव्हतं. बरं, तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. कंपनीने नवी बस घेतली, तिच्या पायऱ्या उंच होत्या. मी तक्रार केली. ड्रायव्हर म्हणाला, जुन्या बसएवढ्याच आहेत. मी त्याच्याशी भांडलो. बून लेच्या बस इंटरचेंजमध्ये मी एकदा सपाट फरशीवर पडलो. फरशी नुकतीच पुसली असणार, असं मी धरून चाललो. बूट बदलले. मग कॅलिपर नीट बसत नाही म्हणून तो दुरुस्त करून घेतला, म्हणजे डाव्या पायाचा. संध्याकाळी घरी आल्यावर उजवी पोटरी आतून फडफडायची, त्वचेखाली काहीतरी वळवळल्यासारखी. मीठ कमी पडत असेल म्हणून मी ताक प्यायला लागलो. एवढी सगळी कारणं मी शोधली. प्रत्येक कारण खरं वाटायचं आणि प्रत्येक कारण थोडे दिवस टिकायचं.

दसऱ्याला मित्र परत आला. त्या दिवशी आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही वंदना घेतली, खीर केली, ओळखीची चार घरं येऊन गेली. दुपारी हा आला तो लिटल इंडियातून झेंडूची भलीमोठी माळ, नारळ आणि पुण्याहून आणलेली आपट्याची वाळकी पानं घेऊन.

"आज हत्यारांची पूजा असते. गाडीची करणार. तू बघू नकोस वाटल्यास," तो म्हणाला.

"पूजाबिजा माझ्या पोर्चमध्ये नाही."

"पोर्च आण्टींचा आहे."

बायको हसायला लागली. शेवटी तडजोड झाली. माळ शोभेसाठी घालायची आणि नारळ चटणीसाठी फोडायचा. त्याने हिरव्या बॉनेटवर माळ टाकली. खरं सांगायचं तर गाडी छान दिसत होती. मुलीला फोटो काढायचा होता. "अंकल, यू सिट इनसाइड," ती म्हणाली, आणि मित्र दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसायला गेला.

त्याला बसताच येईना. एक पाय आत घातला, दुसरा घातला आणि दोन्ही गुडघे स्टीअरिंगला जाऊन अडकले. तो पोटाने मोठा, पण उंचीने माझ्याएवढाच. आधी त्याला वाटलं सीट सरकली असेल. खाली चाचपून पाहिलं. मग डोकं वाकवून पेडल बघितलं. ते त्याच्या नडगीला टेकलं होतं. तो काही क्षण तसाच, आकसून बसला. मुलीने फोटो काढला. ती हसत होती.

"अरे," तो म्हणाला, "हे तू कुणासाठी बनवलंयस?"

चेष्टेनेच म्हणाला होता. मग त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. मीही पेडलकडे बघत होतो. महिनोन् महिने ते बोट-बोट जवळ येत गेलं होतं आणि ते किती आलंय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं, कारण मी नेहमी आत, थोडा थोडा आखडत, बसलेला असायचो. आज दुसरा माणूस बसला आणि दिसलं. यंत्रात बिघाड नव्हताच. कमी मी झालो होतो.

नारळ फोडला. चटणी केली. मित्र जेवून लवकर गेला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला टेबलावर बसवलं, उजव्या पावलाला तळहात लावला आणि म्हणाले, दाबा. मी सगळा जोर लावून दाबलं. त्यांचा हात हलला नाही. दुसऱ्या हाताने ते लिहीत होते. मग बऱ्याच तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं की पोलिओने लहानपणी उजवा पायही थोडा धरला होता, आम्हाला कुणाला कळलं नव्हतं एवढंच. उरलेल्या नसांनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं. आता त्या थकत चालल्या आहेत.

"व्यायाम किती करू?" मी विचारलं.

"कमी करा," ते म्हणाले. "शक्यतो वापरू नका. जेवढा वापराल तेवढा लवकर जाईल."

मी पुन्हा विचारलं, मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. काठी घ्या, लांब अंतरासाठी व्हीलचेअर घ्या, पाय वाचवा.

त्या दिवशी मी टॅक्सीने घरी निघालो. चाळीस वर्षं मला एकच गोष्ट सांगितली गेली होती, जोर लाव. आईने सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, सत्कार झाले त्यात सांगितलं. जिद्दी मुलगा, जिद्दी तरुण. आणि आता हा पोरगेला डॉक्टर सांगतोय की त्या जिद्दीनेच पाय खर्ची पडला. मग आईचं चुकलं का? तिने मला भिंतीशी उभं केलं नसतं तर मी आज तुआसला नसतो. पण मग त्या पायाचं काय? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही नीटसं समजलेलं नाही. आई तेव्हा नागपूरला होती. तिला मी फोनवर काहीच सांगितलं नाही. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "चालतोस ना रे रोज?" मी म्हटलं, हो.

मित्राने दोन आठवड्यांत उपाय आणला. त्याने कारखान्यात फावल्या वेळात स्टीलचा एक सुंदर लिव्हर करून घेतला होता. स्टीअरिंगच्या बाजूला बसवायचा. पुढे ढकलला की ब्रेक, खाली ओढला की वेग. "क्लच हातात आहेच. हे दोन्हीही हातात घे. एका रविवारचं काम आहे," तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने आयुष्यात कधी लंगडा पाय टाकला आहे का, इथपर्यंत गेलो. तो ऐकून घेत उभा राहिला, लिव्हर गाडीच्या डिकीत ठेवला आणि निघून गेला. मी गाडीवर ताडपत्री टाकली. पुढे कित्येक रविवार मी पोर्चमध्ये गेलो नाही. लिव्हर बसवलाही नाही, फेकलाही नाही. हाताने गाडी चालवणारी कितीतरी माणसं मला माहीत आहेत, त्यात कमीपणा कसला? तसं मीच दुसऱ्या कुणाला समजावलं असतं. मग मला एवढा संताप का आला होता?

शेवटी बायकोने विचारलं. रविवारची सकाळ होती, ती भाजी निवडत होती आणि मी समोर पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो.

"तुला नेमकं काय हवं होतं रे त्या गाडीतून?"

"नागपूरला न्यायची होती."

"ते जगाला सांग. मला सांग."

मी पेपरची घडी घातली. मग म्हणालो, आणि बोलता बोलताच ते मला पहिल्यांदा कळत गेलं, "मला पायाने थांबवायचं होतं. कशालाही. एवढं मोठं, जड काहीतरी, आणि ते माझ्या पायाने थांबलं असतं. कुठे न्यायचंच नव्हतं."

तिने भाजी बाजूला ठेवली.

"तुला माहीत होतं का?" मी विचारलं. "पायाचं."

"स्टेशनचा जिना चढताना मांडीवर हात टेकवायला लागला होतास. उजव्या. डाव्यावर टेकवतोस ते नेहमीचं." तिने भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. "मी दोनदा विषय काढला. तू दोन्ही वेळा मला सिलिंडर समजावून सांगितलास."

मला ते आठवतही नव्हतं. मी तिच्यावर रागावणार होतो, पण रागावायला काही हाताला लागेना.

त्या दुपारी मी ताडपत्री काढली. कॅलिपर काढून फळीवर आडवा झालो आणि आत सरकलो. पेडल पुन्हा मूळ जागी न्यायचं, एवढंच ठरवलं होतं, पुढचं पुढे. लिव्हर बसवायचा की नाही हे अजून ठरत नव्हतं. पण गाडी कुणाही माणसाला बसता येईल अशी तरी असावी. सीटखालची फळी काढली. लांब केलेली दांडी काढून जुनी लावली. जवळ घेताना पाडलेली भोकं एकामागून एक मागे पडत गेली. हात शाबूत होते, काम सोपं होतं. तरी ते लवकर संपू नये असं मला वाटत होतं. पुढच्या रविवारी संपलं.

"बस," मी बायकोला म्हटलं.

"मी? मला कुठे येते गाडी?"

"तुझ्या बाबांची स्कूटर चालवायचीस ना? क्लच तसाच आहे, हातात. फाटकापर्यंतच न्यायची आहे. ब्रेक तपासायला कुणीतरी हवं."

ती गाऊनवरच येऊन बसली. तिचे गुडघे कुठेही अडले नाहीत. मी पलीकडून वळसा घालून, बॉनेटचा आधार घेत, डाव्या बाजूच्या सीटवर बसलो. या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. समोर काहीही नव्हतं, नुसता पत्रा. मुलगी पायरीवर कानात बोटं घालून उभी राहिली. बायकोने किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. आण्टींच्या खिडकीचा पडदा हलला.

तिने हळूच क्लचचा लिव्हर सोडला. गाडी हलली. इतक्या महिन्यांत ती स्वतःच्या बळावर पहिल्यांदा हलत होती, आणि मी आत होतो. फाटकापर्यंत जेमतेम आठ-दहा फुटांचं अंतर, पण ती अपेक्षेपेक्षा जोरात निघाली. फाटक अंगावर यायला लागलं. लोखंडी नक्षी मोठी मोठी होत गेली. बायको घाबरली की काय कुणास ठाऊक, ती काहीच करत नव्हती. "ब्रेक," असं मी ओरडलो की नाही, ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझा उजवा पाय आपणहून पुढे गेला आणि समोरच्या पत्र्यावर, जिथे काहीही नव्हतं तिथे, सगळ्या ताकदीनिशी दाबला गेला.

गाडी थांबली. फाटकापासून हातभर अंतरावर. एक गचका बसला आणि सगळं शांत झालं. इंजिनही बंद पडलं होतं.

क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं ती मीच थांबवली. माझ्या पायाने थांबली. मग मी खाली पाहिलं. पाय नुसत्या पत्र्यावर होता, बोटं आत वळलेली, पोटरी थरथरत होती. शेजारी बायकोचा पाय ब्रेकवर घट्ट दाबलेला होता.

"किती हलका आहे रे," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं जोर लागेल." मग तिचं माझ्या पायाकडे लक्ष गेलं. "लागलं का तुला?"

मी मान हलवली. पाय पत्र्यावरून काढावा असं वाटत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मागे घे. परत एकदा कर."